जुना पॅनल सॉ घेताना झालेली फसवणूक : पाहिला एक, आला दुसरा

वापरलेला स्लायडिंग टेबल पॅनल सॉ, म्हणजे प्लायची शीट सरकत्या टेबलावर ठेवून कापणारे यंत्र, १ लाख ८५ हजार रुपयांना विकत घेताना माझी फसवणूक झाली. ती ज्या पद्धतीने केली गेली, ती लहान फर्निचर कारखाना चालवणाऱ्यांना कळावी म्हणून हे लिहीत आहे. विक्रेता वसई पट्ट्यात गोदाम असलेला जुन्या यंत्रांचा व्यापारी आहे. माझा कारखाना साताऱ्याजवळ आहे आणि तिथे मी व एक मदतनीस एवढेच काम करतो.

मॉड्युलर किचनच्या कामात सनमायका लावलेला आठ बाय चारचा प्लाय हातातल्या कटरने कापला की कडेचे कपचे उडतात. पॅनल सॉमध्ये मुख्य ब्लेडच्या पुढे एक छोटे स्कोरिंग ब्लेड असते. ते उलट दिशेला फिरून शीटच्या खालच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर खोल खाच पाडते आणि त्यामुळे दोन्ही बाजू स्वच्छ कापल्या जातात. मात्र यंत्राची खरी किंमत ठरते ती शीट वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या टेबलावर, म्हणजे कॅरेजवर. पूर्ण शीटसाठी साधारणतः ३२०० मिलिमीटरची कॅरेज घेतात. फेन्स, म्हणजे शीट टेकवायची पट्टी, काटकोनात नसेल तर ती गुण्या लावून जुळवता येते, स्कोरिंग ब्लेड वरखाली करता येते, बेअरिंगही बदलता येतात. वाकलेली कॅरेज मात्र परवडणाऱ्या खर्चात सरळ होत नाही. माझी फसवणूक नेमकी ह्याच भागात झाली.

व्यापाऱ्याने आधी व्हिडिओ पाठवला होता. त्यात यंत्र पूर्ण शीट उभी कापत होते. गोदामात गेल्यावर मला त्याच रंगाचे यंत्र दाखवण्यात आले, परंतु वीज गेली असल्याचे सांगून ते जनरेटरवर थोडाच वेळ चालवले गेले आणि पार्टिकल बोर्डचे दीड-दोन फुटांचे तुकडे कापून दाखवले गेले. ब्लेड कोरे करकरीत होते, त्यामुळे कडा काचेसारख्या निघाल्या. नवे ब्लेड आणि आखूड तुकडा एकत्र आले की जवळजवळ कोणतेही यंत्र चांगले वाटते, कारण दोन फुटांच्या कापात कॅरेजचा बाक दिसत नाही आणि बेअरिंगमध्ये दाबून ग्रीस भरलेले असेल तर ते तापेपर्यंत घरघरही ऐकू येत नाही. मी २० हजार रुपये विसार दिला आणि उरलेले १ लाख ६५ हजार रुपये टेम्पो भरण्यापूर्वी पाठवायचे ठरले. त्या वेळी सांगितले गेलेले खाते दुकानाच्या नावाचे नसून एका नातेवाइकाचे होते. ‘चालू खात्याला बँकेने तात्पुरती अडचण केली आहे’ असा खुलासा करण्यात आला. पक्के बिल ‘मागाहून’ येणार होते. ते आजवर आलेले नाही.

एवढ्या वजनाचे यंत्र हलवताना कॅरेज, तिला आधार देणारा दांडा आणि फेन्स सुटे करावेच लागतात, त्यात संशय घेण्यासारखे काही नसते. अदलाबदल करायला हीच वेळ सोयीची असते. कारखान्यात हायड्रा क्रेनने उतरवून जोडणी सुरू केली, तेव्हा कॅरेजची भोके बुडाशी जुळत नव्हती आणि काही ठिकाणी ती गोल कानसीने लांबवलेली होती. गोदामात मी काढलेल्या फोटोंमध्ये कॅरेजच्या टोकाला काळी प्लॅस्टिकची टोपी आणि कडेने मोजपट्टी दिसत होती. आलेल्या कॅरेजला त्यातले काहीच नव्हते. शेवटी पूर्ण लांबीचे दोन तुकडे त्याच टेबलावर छाटले आणि छाटलेल्या कडा जमिनीवर समोरासमोर लावल्या. दोन्ही टोके टेकली आणि मधोमध तीन मिलिमीटरची फट राहिली. अशा जोडात चूक दुप्पट दिसते. म्हणजे एकेका कापात दीड मिलिमीटरचा बाक होता, आणि एवढ्या बाकाला कडेवर चिकटवायची एज बँडिंगची पट्टी नीट बसत नाही. ही चाचणी कोणत्याही गोदामात करता येते, त्यासाठी दोन लांब तुकडे आणि सपाट जमीन पुरे. विक्रेता शीट नाही म्हणाला तर ती आपण विकत घेऊन जावी.

दुसरी लबाडी मोटरची होती. पाटीवर साडेपाच एचपी लिहिले होते, पण जाड प्लायमध्ये ब्लेड अडखळू लागले. मोटरच्या पाटीवर कुणालाही काहीही छापता येते, सांगाड्याचे माप मात्र बदलता येत नाही. प्रमाणित मोटरच्या फ्रेमचा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची मिलिमीटरमधील उंची. साडेपाच एचपीची मोटर सामान्यतः ११२ फ्रेमची असते. माझ्या मोटरची ही उंची ९० भरली, आणि ते माप तीन एचपीच्या, जलद फिरणाऱ्या मोटरचे आहे. गाळ्यातली साधी मोजपट्टी हे सांगू शकते. रंग मात्र सगळीकडे एकसारखा आणि ताजा होता, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा. जुन्या यंत्राच्या बोल्टवर अखंड रंग दिसला की मी आता तिथेच थांबतो.

तक्रार केल्यावर व्यापाऱ्याने आधी वाहतुकीत धक्का लागल्याचे सांगितले, मग माल ‘आहे त्या स्थितीत’ विकल्याचे सांगितले, आणि अखेरीस हा धंद्यासाठीचा माल असल्यामुळे ग्राहक आयोग दारातही उभे करणार नाही, असे ऐकवले. ही तिसरी धमकी अनेकांना गप्प बसवते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळतो हे खरे आहे, परंतु केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही, असे स्पष्टीकरण त्याच व्याख्येला जोडलेले आहे. तक्रार आपण राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगात करता येते, त्यामुळे विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. ‘आहे त्या स्थितीत’ ह्या शब्दांनी दुसराच माल देण्याचा हक्क मिळत नाही. वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, अशी अट १९३०च्या मालविक्री कायद्यात आहे. पोलीस ठाण्यात मला हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खालील लेखी अर्ज मी तरीही पोच घेऊन दिला, कारण आधी आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवल्यावर अदलाबदल उघड दिसते.

आयोगापुढील तक्रारीत मला सर्वांत उपयोगी पडली ती जुजबी कागदपत्रे : विसाराच्या वेळचा व्हॉट्सॲप संवाद, बँकेची नोंद, टेम्पोवाल्याची पावती आणि तारीख-वेळेसह असलेले फोटो. माझ्याकडे जे नव्हते, ते म्हणजे कॅरेजवरची खूण. यंत्र पसंत पडल्यावर कॅरेज, बूड आणि मोटर ह्यांवर पंचने (ठोकून खूण करायच्या टोकदार हत्याराने) बारीक खूण करून तिचा फोटो विक्रेत्याच्या देखत काढावा. सुटे भाग टेम्पोत चढताना आपला माणूस हजर असावा आणि उरलेली रक्कम भाग चढल्यावर, दुकानाच्याच नावाच्या खात्यात भरावी. राज्यांतर्गत एक लाखाहून अधिक किमतीच्या मालाला महाराष्ट्रात ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची जीएसटीखालील ऑनलाइन नोंद, लागते. ते काढायला टाळाटाळ करणारा व्यापारी पुढे व्यवहार नाकारण्याची तयारी करत असतो, असे माझे मत आहे.

तक्रार अद्याप चालू आहे. व्यापाऱ्याने मध्यस्थामार्फत यंत्र ६० हजारांना परत घेण्याची तयारी दाखवली होती, ती मी नाकारली. तोच व्हिडिओ अलीकडे कराडच्या एका ओळखीच्या सुतारांना आला. त्यांना विकायचे यंत्र आणखी कमी किमतीचे सांगितले जात आहे. निळ्या पत्र्याचे शेड, पूर्ण शीट उभी कापणारे हिरवट-करड्या रंगाचे यंत्र आणि एकदाही न दिसणारी यंत्राची पाटी, असा व्हिडिओ कुणाला आला तर पाटीवरचा अनुक्रमांक दाखवणारा, कॅरेज शेवटपर्यंत सरकवणारा थेट व्हिडिओ कॉल आधी मागावा. कराडच्या त्या सुतारांनी तो मागितला, तेव्हा पलीकडून उत्तर येणे बंद झाले.