उरलेलं बी ठेवावं की नवं पाकीट घ्यावं?

पेरणी उरकली की पाकिटाच्या तळाशी बी उरतंच. ते पुढच्या वर्षी चालेल का? ‘जुनं बी उगवत नाही’ असं सरसकट सांगणारे भेटतात, तसे ‘बी कुठे खराब होतं?’ म्हणणारेही भेटतात. मला दोन्ही पटत नाही. बी कशाचं आहे आणि मधले महिने ते कुठे पडून होतं, यावरच सगळं ठरतं.

कांद्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: नवं घ्या. त्याचं बी जेमतेम वर्षभर, फार तर दोन वर्षं तग धरतं. एकदा उघड्या पाकिटात वर्षभर राहिलेलं कांद्याचं बी मी वाफ्यात टाकलं. दाणे दिसायला तसेच होते, काळेभोर आणि टणक. बारा दिवस झारीने पाणी घातलं. कांद्याचं रोप मान वाकवून, दोऱ्याच्या फासासारखं वर येतं. तसे फास एका ओळीत मोजून चार दिसले. पुन्हा बी आणून पेरेपर्यंत तीन आठवडे गेले होते, आणि ते काही भरून निघाले नाहीत. म्हणून जुन्या-नव्याचा हिशेब करताना पाकिटाची किंमत एवढीच बाजू धरू नका. फसलेल्या पेरणीत जातो तो हंगाम.

उलट टोकाला काकडी आणि खरबूज. नीट ठेवलं तर पाच वर्षंही चालतं. टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर, मुळा, बीट यांचं बी साधारण चार वर्षं टिकतं. यांचं गेल्या वर्षीचं कोरडं पाकीट टाकून देणं मला खरंच जिवावर येतं. नव्यात आणि त्यात फरक जाणवणारही नाही.

अवघड आहे ते मधलं. घेवडा, वाटाणा, गाजर तीनेक वर्षं जातात; भेंडी आणि स्वीट कॉर्न दोनच वर्षं धरा. मिरचीही दोन-तीन वर्षांनी मंदावते. हे सगळे आकडे कोरड्या, थंड जागी ठेवलेल्या बियाण्याचे आहेत. खिडकीच्या उन्हात किंवा चुलीच्या वाफेत राहिलेल्या पाकिटाला ते लावू नका. घेवड्या-वाटाण्याच्या दाण्याला बारीक गोल भोक दिसलं तर आत भुंगा झाला, असं समजा.

अशा वेळी तारीख बघत बसण्यापेक्षा उगवण तपासावी. ओल्या, पण पिळलेल्या कापडावर २० दाणे सुटे सुटे मांडायचे, कापड गुंडाळायचं, वाळू नये म्हणून पिशवीत सैलसर ठेवायचं. जागा उबदार हवी, २० ते २५ अंशांची. मुळ्याला तीन-चार दिवसांत मोड येतात, टोमॅटोला आठवडा लागतो, मिरचीला दोन आठवडेही. १६ किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर नेहमीसारखं पेरा. १० ते १५ आले तर दाट पेरा, एका जागी दोन दाणे टोका. त्याखाली नवं पाकीटच बरं. फक्त आकडा बघू नका, दिवसही मोजा. बी मरण्याआधी त्याचा जोम जातो. चार दिवसांचं काम जो मुळा नऊ दिवसांत करतो, तो कापडावर उगवला तरी मातीचा पापुद्रा फोडून वर येईलच असं नाही.

आता कपाट की फ्रिज? बियाण्याचे शत्रू दोन, ओल आणि उष्णता. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा असा: दाण्यातली ओल १ टक्क्याने घटली की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. त्या हिशेबाने फ्रिज कधीही सरस, पण एका अटीवर. फ्रिजच्या आतली हवा दमट असते. कागदी पाकीट नुसतंच आत सरकवलं तर बी सादळतं, आणि त्यापेक्षा कोरडं कपाट बरं. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी टाका. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. बरणी खोलीच्या तापमानाला आली की मगच झाकण काढा, नाहीतर गार दाण्यांवर बाष्प धरतं. फ्रीझरच्या वाटेला मी जात नाही. दाणा पुरता कोरडा नसेल तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बी मरतं.

एक गल्लत मात्र नेहमी होते. संकरित वाणाचं पाकिटात उरलेलं बी पुढच्या वर्षीही त्याच वाणाचं पीक देतं. त्या पिकाच्या फळातून काढलेलं बी मात्र सारखं निघत नाही. या दोन गोष्टी एकात मिसळून लोक चांगली पाकिटं फेकतात. लेप दिलेल्या गोळीदार बियाण्याचं मात्र वेगळं. ते साध्या बियाण्यापेक्षा लवकर खराब होतं, म्हणून तेवढं त्याच हंगामात संपवा. औषध चोळलेलं रंगीत बी फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंजवळ नको, मुलांच्या हाताला लागेल असं तर नकोच.

बरणी बंद करण्याआधी पाकिटावर पेन्सिलीने वर्ष लिहा, आणि पेरताना किती उगवलं तेही त्याखाली टिपा. माझ्या टोमॅटोच्या पाकिटावर असे तीन आकडे आहेत. यंदा चौथा पडेल.