सार, रस्सा की कोशिंबीर: कोणता टोमॅटो घ्यावा?

टोमॅटोची चव साखर, आम्ल आणि सुगंध या तिहींच्या मेळातून तयार होते. आंबटपणा बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात अधिक असतो आणि चवीला भरीवपणा देणारे ग्लुटामेटही बाहेरच्या मांसल भागापेक्षा तिथेच जास्त सापडते. म्हणून एक फळ आडवे कापून आत गर किती आहे हे पाहिले, की निम्मा निर्णय होतो.

गावठी टोमॅटो चपटा, वळ्या पडलेला आणि पातळ सालीचा असतो. त्यात कप्पे अनेक आणि रस भरपूर. फोड नाकाजवळ नेल्यास हिरव्या गवतासारखा ताजा दरवळ येतो, जो फळ चिरल्यावर त्यातील स्निग्ध घटकांवर विकरांची क्रिया होऊन निर्माण होतो. सार आणि कोशिंबीर यांसाठी माझी पसंती निःसंशय यालाच आहे, मात्र त्याची साल लवकर फाटते आणि तो फार दिवस टिकत नाही.

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेटमध्ये दूरवर जाणारा लांबट संकरित टोमॅटो जाड सालीचा, मांसल आणि कमी रसाचा असतो. रस्सा आणि सॉससाठी हा गुणच आहे, कारण तो लवकर आटतो. इटलीतील सान मार्झानो वाणाची ख्यातीही अशाच मांसलपणावर उभी आहे. सुगंधात मात्र हा मागे पडतो. प्रवास सोसावा म्हणून तो नुकती लाली धरताच तोडला जातो, आणि वाण निवडताना अनेक वर्षे उत्पादन, टिकाऊपणा व एकसारखा रंग यांनाच महत्त्व दिले गेले. फळे एकसारखी पिकावीत म्हणून जपलेल्या एका जनुकीय बदलामुळे कच्च्या फळातील हरितद्रव्य आणि त्यासोबत साखरही घटते, हे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले.

चेरी टोमॅटो सर्वांत गोड. साध्या टोमॅटोच्या रसात विद्राव्य घटक (विरघळलेले घटक, मुख्यतः साखर) साधारण ४ ते ५ टक्के असतात, तर चांगल्या चेरीत ते ८ टक्क्यांच्या आसपास पोहोचतात. कच्चे खाण्यासाठी किंवा मुलांच्या डब्यासाठी तो उत्तम, पण सारात त्याची गोडी खटकते.

खरेदी करताना देठाच्या वासावर विसंबू नये, कारण तो तीव्र गंध देठ आणि पानांवरील लवेचा असतो. तसेच कोणताही पिकलेला टोमॅटो १२ अंश सेल्सियसखाली ठेवल्यास त्याचा सुगंध ओसरतो, त्यामुळे गावठी टोमॅटो दोन दिवसांपुरताच आणून ओट्यावर ठेवावा.