स्लॅबमधले मॉर्गन डॉलर: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या दोन्ही मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या (पीसीजीएस आणि एनजीसी) स्लॅबमधले, म्हणजे सीलबंद प्लास्टिक कवचातले, मॉर्गन डॉलर गेले कित्येक महिने एकाच दिव्याखाली शेजारीशेजारी ठेवून पाहिले. दहापैकी गुण द्यायचे तर नाणं अस्सल आहे का, या प्रश्नाला नऊ आणि ग्रेडच्या आकड्याला सहा. आकडा एका पायरीने इकडेतिकडे होतो, तेवढं चालवून घ्यावं लागतं. गोची अशी की काही सालांच्या नाण्यांची किंमत नेमकी त्याच एका पायरीवर कित्येक पटींनी वाढते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी, चांदी ९० टक्के. ग्रेड १ ते ७० या शेल्डन मापावर देतात. विल्यम शेल्डन यांनी हे माप १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलं होतं, चांदीच्या डॉलरला ते नंतर चिकटलं. ६० पासून पुढे 'एमएस', म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं. ५८ म्हणजे 'एयू', जेमतेम घासलेलं. पीसीजीएस १९८५ ची, एनजीसी १९८७ ची.

गोंधळ सर्वांत जास्त ६४ आणि ६५ च्या सीमेवर. हे डॉलर टाकसाळीतून हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत भरून निघायचे आणि आतल्या आत एकमेकांवर आपटायचे. त्यात मॉर्गनवरच्या लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा, गाल मोठा आणि सपाट, त्यामुळे प्रत्येक टोचा उठून दिसतो. तोच टोचा केसांत पडला तर शोधावा लागतो. ग्रेडर मोजपट्टी लावत नाही. एका नाण्याला तो काही सेकंद देतो आणि गाल, गालासमोरची मोकळी जागा, झळाळी आणि एकूण देखणेपणा यांचा मिळून अंदाज बांधतो. दोन १८८१-एस (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टाकसाळ) शेजारी ठेवले. पहिल्यावर ६४ लिहिलंय: गाल स्वच्छ, पण नाकासमोरच्या मोकळ्या जागेत बारीक टोच्यांचा पुंजका. दुसऱ्यावर ६५: मोकळी जागा छान, पण नाकपुडीपासून कानाकडे जाणारा तिरपा, चमकता ओरखडा. आधी काय खटकतं यावर निकाल फिरतो. माझ्या मते दुसरं नाणं ६४ चं आणि पहिलं निदान त्याच्या बरोबरीचं.

पाहण्याची रीत नीट नसेल तर ही तक्रारही करता येत नाही. खोलीतला ट्यूबलाइट बंद करा, एकच उघडा दिवा ठेवा आणि स्लॅब हळूहळू सगळीकडे कलवा. झळाळीचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरला पाहिजे. भिंग ५ पटींचं पुरे, १० पटींत प्रत्येक नाणं खराब दिसतं. ओरखडा प्लास्टिकवर आहे की नाण्यावर हे कळायला स्लॅब थोडा तिरपा करा. प्लास्टिकवरचा ओरखडा नाण्याच्या चित्रावरून सरकतो, नाण्यावरचा जागचा हलत नाही.

दुसरी अडचण टाकसाळींची. सॅन फ्रान्सिस्कोचे १८७९ ते १८८२ चे डॉलर ठसठशीत उठलेले असतात. न्यू ऑर्लिन्सचे ('ओ') बरेच दबलेले, कानावरचे केस सपाट, गरुडाच्या छातीवरची पिसं गायब. १८९२-ओ तर त्यासाठी बदनामच आहे. कंपन्या त्या-त्या साल-टाकसाळीकडून अपेक्षा ठेवून ग्रेड देतात, म्हणून १८९२-ओ चा ६५ आणि १८८१-एस चा ६५ एकाच मापातले वाटत नाहीत. सवलत किती द्यायची यावर एकवाक्यता नाही, आणि फोटोवरून खरेदी करणारा इथेच फसतो.

एयू ५८ आणि एमएस ६१-६२ ची सीमा त्याहून घातक. १८८४-एस ३२ लाख पाडले गेले. झिजलेले भरपूर मिळतात, कोरे अतिशय दुर्मीळ. १८९२-एस आणि फिलाडेल्फियाचं १९०१ त्याच जातीचे. अशा सालांना ५८ वरून ६० च्या पलीकडे गेलं की किंमत वेगळ्याच घरात जाते. म्हणून कानावरचे केस, गालाचं हाड, टोपीची घडी आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती ही ठिकाणं तिरप्या उजेडात पाहा. ठसा दबलेला असेल तर तिथे धातूचा मूळ खरखरीत पोत दिसतो आणि झळाळी त्यावरूनही फिरते. घासट असेल तर झळाळी तिथे तुटते आणि करडा डाग उरतो. ६१ च्या स्लॅबमध्ये असा करडा डाग सापडणं ही काही नवलाई नाही.

आकडे वर का सरकतात, याचं माझं उत्तर ग्रेडरच्या डोळ्यापेक्षा व्यापाऱ्याच्या हिशोबात आहे. ६५ च्या जवळचं ६४ दिसलं की व्यापारी स्लॅब फोडून नाणं पुन्हा पाठवतो. ६४ आलं की पुन्हा फोडतो. ६५ आलं की थांबतो. काठावरचं ६५ मात्र कोणीच फोडत नाही. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना सारखी झाली, तरी बाजारात साचतात ती नशिबाने वर चढलेली नाणी. फोडलेल्या स्लॅबची लेबलं कंपनीला परत करायची असतात, पण बरेच जण करत नाहीत. मग कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली याच्या त्या कंपनीच्या यादीत एकच नाणं तीनदा ६४ आणि एकदा ६५ म्हणून मोजलं जातं.

या याद्यांवर लोक इतके अवलंबून का, याला आपल्याकडे येणारा एक धागा आहे. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानातल्या रुपयाच्या नोटांना आधार म्हणून. कुठल्या सालाचे किती वितळले याची नोंद ठेवली नाही. त्यामुळे किती पाडले हा आकडा आज जवळपास निरुपयोगी, आणि ग्रेडिंगची यादी हाच आधार. तोही फुगलेला.

वापरात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे आत बंद असलेलं नाणंही बदलतं. काळवंडलेला डॉलर थायोयुरियाच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवून पांढरा करतात. नंतर नीट धुतला नाही तर काही महिन्यांनी कडेकडेने पिवळट-तपकिरी धुकं चढतं. ग्रेड मिळाला तेव्हा नाणं चकाचक होतं, म्हणून लेबलवर ६५ तसंच राहतं. आता विकायला काढलं तर कोणी त्या भावाने घेणार नाही. कडेला हिरवट, चिकट थर दिसला तर तो मऊ पीव्हीसी पाकिटातून आलेला असतो, असं नाणं परत करा. अगदी एकसारखं, निर्जीव पांढरं नाणंही मी टाळतो.

जुन्या स्लॅबचं कौतुक अर्धं खरं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातले आणि १९९० च्या दशकातले ग्रेड बऱ्याचदा आजच्यापेक्षा कडक होते, पण आज मूळ स्लॅबमध्ये उरलेत ते मुख्यतः फोडण्यालायक नव्हते तेच. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, रेडफिल्ड नावाच्या एका माणसाच्या मोठ्या साठ्यातले डॉलर प्लास्टिकच्या खोक्यांत ६० किंवा ६५ एवढंच लिहून विकले गेले. तिथलं ६५ आज बऱ्याचदा ६३-६४ ठरतं.

अस्सलपणाला नऊच गुण का, तर १८९६, १९०० आणि १९०२ च्या 'मायक्रो ओ' डॉलरमुळे, म्हणजे ज्यांवर टाकसाळीचं 'ओ' अक्षर नेहमीपेक्षा लहान आहे. ही नाणी वर्षानुवर्षं खरी म्हणून स्लॅबमध्ये जात होती. २००५ मध्ये पीसीजीएसने ती जुन्या काळातली बनावट असल्याचं जाहीर केलं. १८९९ चं मायक्रो ओ मात्र खरं. शिवाय आता स्लॅबच नकली येतात, खऱ्या नाण्याचा नंबर छापून. नंबर तपासणं पुरेसं नाही. कंपनीच्या साइटवर फोटो असेल तर गालावरचे दोन-तीन टोचे हातातल्या नाण्याशी जुळवा.

सीएसी ही स्लॅबमधलं नाणं पुन्हा तपासून स्टिकर लावणारी वेगळी कंपनी, तिचा हिरवा स्टिकर २००७ पासून आहे. त्या ग्रेडमध्ये नाणं भक्कम आहे, एवढंच तो सांगतो. सोनेरी म्हणजे वरचा ग्रेडही चालेल. मदत होते, पण तेही एक मत, आणि त्याचे पैसे किमतीत धरलेले असतात. स्टिकर नाही म्हणजे नापास झालं असंही नाही, कदाचित पाठवलंच नसेल.

दुसऱ्या कंपनीच्या स्लॅबमध्ये बदलून घ्यायचं असेल तर अर्जात किमान ग्रेड लिहा. तो मिळाला नाही तर नाणं जुन्याच स्लॅबमध्ये परत येतं. फी मात्र जाते.

खरेदीत मी पाळतो ते इतकंच. १८८६-ओ सारख्या नाण्याचं ६५ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही, कारण तिथे ६४ आणि ६५ मधली दरी प्रचंड आहे. १८८१-एस ला ती किरकोळ आहे. त्याचं चांगलं ६४ घ्या आणि इतर नाणी पाहताना झळाळी-ठसा जुळवायला टेबलावर ठेवा.