चिंतेसाठी संमोहन की सीबीटी?
परीक्षा जवळ आली की भाचीच्या छातीत धडधड सुरू होते. "मावशी, संमोहन घेऊ की सीबीटी?" सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती.

संमोहनात शुद्ध हरपत नाही. डोळे मिटून, एकेक पायरी उतरतोय अशी कल्पना करत अंग सैल सोडायचं. सगळं ऐकू येतं, नको वाटलं तर उठताही येतं. सीबीटीला वही लागते. ‘मी नापासच होणार’ हा विचार लिहायचा आणि त्याला पुरावा काय, ते तपासायचं. साधारण १२ ते १६ भेटी, शिवाय घरचा अभ्यास. चिकाटी लागते, पण संशोधनाचा भक्कम आधार यालाच.

खर्च दोन्हीकडे भेटीगणिक. मात्र छोटा कोर्स करूनही कुणी संमोहनतज्ज्ञ म्हणवतं, म्हणून आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच गाठा.

प्रसंगापुरता ताण असेल तर संमोहन जोडीला चालेल. चिंता महिनोन्महिने हटत नसेल तर सीबीटी. भास होत असतील तर संमोहन नकोच, आधी मानसोपचारतज्ज्ञ. भाचीला मी सीबीटीच सांगितली.