दांपत्य शिबिर, सोलापूर: सकाळ सार्थकी, दुपार वाया

सोलापुरातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) विवाहित जोडप्यांसाठी घेतलेल्या एकदिवसीय शिबिराला आम्ही उभयता गेलो होतो. विषय होता ख्रिस्त आणि मंडळी यांचे नाते व आपला संसार. बायबलमधील इफिसकरांस पत्राचा ५वा अध्याय उघडला की बरेच वक्ते २२व्या वचनापासून, म्हणजे पत्नीने पतीच्या अधीन असावे येथून सुरुवात करतात आणि बहुधा तेथेच रेंगाळतात. येथे मात्र पाळकसाहेबांनी २१व्या वचनातील परस्परांच्या अधीन राहण्यापासून आरंभ केला आणि पतीपुढे ठेवलेला कित्ता हा अधिकार गाजवणाऱ्याचा नसून मंडळीसाठी स्वतःला अर्पण करणाऱ्या ख्रिस्ताचा आहे, हे आडपडदा न ठेवता सांगितले. देवाची प्रीती आपल्या संसारावरून जोखायची नाही, संसार तिच्यावरून पारखायचा, हा त्यांचा मुद्दा ज्यांच्या घरी धुसफूस चालू असते त्यांना विशेष दिलासा देणारा होता.

जोडीदाराने न सांगता आपल्यासाठी काय केले, हे लिहायला सांगितले तेव्हा यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून थेट आलेल्या एका गृहस्थांनी वाचले, “मी सकाळी आलो की ही पोरांना घेऊन ओट्यावर बसते, म्हणून मला झोप लागते.” पाळकसाहेबांनी त्यावर भाष्य करण्याचा मोह टाळला, याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

जेवणात कडक भाकरी व शेंगाची चटणी होती. तक्रारीला जागा नाही. त्यानंतर मात्र खेळ आणि बक्षिसे यांतच वेळ गेला. व्यभिचारी पत्नीला पंधरा रुपे आणि दीड होमर (जुने धान्यमाप) जव देऊन परत आणणारा बायबलमधील संदेष्टा होशेय, म्हणजे या विषयाचा गाभाच, घाईघाईत उरकण्यात आला. मध्ययुगीन मठवासी संत बर्नार्ड यांनी गीतरत्न या बायबलमधील प्रेमगीतांच्या ग्रंथावर ११३५ पासून ११५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ८६ प्रवचने लिहिली आणि तरी ते तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोहोचले. आमच्याकडे तो ग्रंथ चहाच्या आधी आटोपला.

टिपणे केवळ मराठीत होती. घरी तेलुगू बोलणारी इतकी कुटुंबे असलेल्या शहरात हे खटकते. प्रवेशही फक्त जोडप्यांनाच होता. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात कोकऱ्याची, म्हणजे ख्रिस्ताची, वधू म्हणजे सगळी मंडळी असताना विधवा आणि अविवाहित यांना बाहेर ठेवण्याचे कारण समजत नाही. निदान सकाळचे सत्र सर्वांसाठी खुले ठेवावे, अशी लेखी सूचना आम्ही आयोजकांना दिली आहे.