‘काका, तुमची एसएसडी गेली’

माझं काम हिशेबाचं. नागपूरच्या इतवारीतल्या चार दुकानांचे जीएसटी रिटर्न मी भरतो, राहायला मानेवाड्याला. घरात लॅपटॉप एकच आणि तो आम्हा दोघांचा, माझा आणि मुलाचा. मुलगा इंजिनिअरिंगला. दुसऱ्या वर्षाला असताना त्याने विंडोजच्या शेजारी उबुंटू, म्हणजे लिनक्स घराण्यातली दुसरी सिस्टिम, टाकून घेतलं. माझी हिशेबाची टॅली विंडोजमध्ये, त्याचं कॉलेजचं सगळं उबुंटूमध्ये. चालू केला की काळ्या पडद्यावर नावांची यादी यायची. वर उबुंटू, खाली विंडोज. मी बाणाने खाली जाऊन एंटर दाबायचो. वर्षभर काही तक्रार नव्हती.

१४ ऑगस्ट २०२४ च्या रात्री काम संपवून लॅपटॉप बंद करायला गेलो तर विंडोजने अपडेट घ्यायला सुरुवात केली. तसाच सोडून झोपलो. १५ च्या सकाळी झेंडावंदन करून आलो, लॅपटॉप लावला. यादी आलीच नाही. आधी कंपनीचं चिन्ह, मग काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात इंग्रजीच्या दोन ओळी, आणि डोळ्यांनी त्या पुरत्या वाचायच्या आत लॅपटॉप आपला आपण बंद. पाच-सहा वेळा करून पाहिलं. दर वेळी तेच. ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ एवढे शब्द मात्र डोक्यात बसले.

मुलगा सुटी जोडून आजोळी गेला होता, यवतमाळकडच्या गावात, आणि तिथे फोनला रेंज नाही. इकडे २० तारखेला जुलैचं ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं. पेन ड्राइव्हमध्ये टॅलीचा बॅकअप होता तो मे महिन्याचा. चार दुकानांची जून-जुलैची खरेदी-विक्री त्या बंद पडणाऱ्या यंत्रात अडकलेली. त्या अवस्थेत माणूस काय करतो? जवळचं दुकान गाठतो. १६ ला सकाळीच मी बर्डीला गेलो.

दुकान गल्लीत, पाच-सहा फुटांचं काउंटर, मागे दोन पोरं कामाला. मालकाने लॅपटॉप चालू करून पाहिला, तो त्याच्याही समोर दोन सेकंदांत बंद झाला. आत घेऊन गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, “काका, तुमची एसएसडी गेली. पुरती गेली जी.” एसएसडी म्हणजे लॅपटॉपमधली सगळी माहिती जिच्यावर साठते ती डिस्क. मी म्हटलं, “भाऊ, माझा डेटा?” तर म्हणे, “टेन्शन नका घेऊ, काढून देतो, पण वेगळे पैसे लागतील. बाहेरच्या मशीनवर काढावं लागते.” बोलता बोलता मीच त्याला सांगितलं की लॅपटॉपचं घड्याळ कधीकधी मागे पडतं. तो लगेच म्हणाला, “मग सीमॉसचा सेलही गेला.” म्हणजे लॅपटॉपच्या आतलं घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप मिळाला. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने आकडे लिहून दिले: तपासणी ५००, नवी ५१२ जीबी एसएसडी ४,२००, डेटा ४,०००, विंडोज १,५००, सेल ३५०, सर्व्हिस १,२५०. एकूण ११,८००. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील.” लोकांच्या वह्यांतलं एकेक बिल तपासणारा मी, त्या संध्याकाळी गप्प राहिलो. टॅली उघडली, खाती दिसली, तेवढ्यात जीव भांड्यात पडला होता. यूपीआयने पैसे दिले आणि घरी आलो. जुनी डिस्क मागावी हे डोक्यातच आलं नाही.

१८ ला रविवारी मुलगा परत आला. त्याने लॅपटॉप लावला. यादी नाही, थेट विंडोज. “बाबा, माझं उबुंटू कुठे आहे?” मी सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, खाली मान घालून बसून राहिला. दोन सेमिस्टरचे प्रोजेक्ट त्यात होते. मग एकदम म्हणाला, “बाबा, पडद्यावर काय लिहून आलं होतं, आठवते काय?” मी ते पाच शब्द सांगितले. त्याने मोबाइलवर शोधून एक फोटो माझ्यासमोर धरला. तोच काळा पडदा, त्याच दोन ओळी. वरची ओळ आता नीट वाचता आली: ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’.

झालं होतं ते असं. १३ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टने दिलेल्या अपडेटने लिनक्सच्या जुन्या बूटलोडरना, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामना, सुरक्षेच्या कारणासाठी नकार देणारी एक यादी लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रामात, टाकली. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना ती लागू व्हायला नको होती, तसं खुद्द मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं, पण जगभर कितीतरी लॅपटॉपना ती लागू झाली. उबुंटूचा पहिला छोटा प्रोग्राम, ज्याला शिम म्हणतात, तो त्या यादीत स्वतःला तपासायचा, नापास व्हायचा, दोन ओळी लिहायचा आणि लॅपटॉप बंद करायचा. आमच्या यंत्रात उबुंटू पहिल्या नंबरावर, म्हणून विंडोजपर्यंत गाडी जातच नव्हती. विंडोज मात्र धडधाकट होतं. चालू करताना एफ१२ दाबून बूट मेन्यू उघडला असता आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडलं असतं, तर १५ ऑगस्टलाच माझी टॅली उघडली असती. खर्च शून्य.

पण मुलाने पुढे जे सांगितलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तो शिम राहतो कुठे? त्याच एसएसडीवर, सुरुवातीच्या एका छोट्या भागात. म्हणजे पडद्यावर ते वाक्य उमटत होतं, कारण लॅपटॉप ती डिस्क वाचत होता. डिस्क खरंच गेली असती तर लॅपटॉपने ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचं काही सांगितलं असतं, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, डिस्कचं नावही बहुधा दिसलं नसतं. शिमचं तोंड उघडलं याचाच अर्थ डिस्क जिवंत. दुकानदाराने ते वाक्य आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग मुलाने ‘नवी’ डिस्क तपासली. डिस्क आपली किती तास चालली याची नोंद स्वतःच ठेवते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रामात ती दिसते. आकडा होता ९,४१२ तास. आमच्याकडे येऊन तिला चोवीस तास झाले होते. रात्रंदिवस चालवली तरी वर्षाहून जास्त वापरलेली डिस्क मला सीलबंद म्हणून विकली होती. विंडोजचंही तसंच. लॅपटॉपसोबत आलेल्या होम आवृत्तीचा परवाना फर्मवेअरमध्येच असतो, तीच आवृत्ती टाकली तर परवाना आपोआप लागतो, पैसे द्यावे लागत नाहीत. याने प्रो आवृत्ती चोरीच्या पद्धतीने टाकली आणि त्याचे १,५०० घेतले.

आणि सेल. घड्याळ मागे पडतं म्हणजे किती, असं मुलाने विचारलं. बरोबर साडेपाच तास. उबुंटू लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ भारताची समजून दाखवतं, आणि भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. सेल संपला असता तर घड्याळ असं मोजून साडेपाच तास चुकलं नसतं, भलत्याच तारखेवर गेलं असतं. उबुंटूत एक आज्ञा दिली की हे मिटतं. त्या ३५० रुपयांचा राग मला बाकीच्या रकमेपेक्षा जास्त आला, कारण ते मी माझ्या तोंडाने त्याच्या हातात दिले.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट मला त्या रात्री झोपताना कळली आणि झोप उडाली. माझी जुनी डिस्क त्या माणसाकडे होती. चार दुकानांचे व्यवहार, त्यांच्या पार्ट्या, बँक स्टेटमेंट, जीएसटीचे लॉगिन, सगळं त्यात. लोकांनी विश्वासाने दिलेलं. सकाळी राखीच्या गडबडीतही मी चारही दुकानदारांना फोन केले, खरं ते सांगितलं, आणि पासवर्ड बदलून घेतले. एकजण बराच वेळ बोललाच नाही. त्याची ती शांतता मला अजून आठवते. २० ला रिटर्न भरले आणि २१ ला मुलाला घेऊन बर्डीला गेलो.

“जुनी तर कंपनीला गेली ना जी, रिप्लेसमेंटला,” दुकानदार म्हणाला. कोणत्या नावाने, कोणत्या पावतीवर, काही सांगता येईना. २४ ला परत गेलो तेव्हा त्याने एक डिस्क काढून काउंटरवर ठेवली. मुलाने खिशातून मोबाइल काढला. उबुंटू टाकताना डिस्कचे भाग पाडण्याआधी त्याने पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर स्पष्ट होता. समोरची डिस्क दुसरीच निघाली. दुकानदाराचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

त्यानंतर मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुना माल नवा म्हणून विकणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. हे सगळं एका कागदावर लिहिलं. सिरियल नंबरचा फोटो, ९,४१२ तासांचा फोटो, त्याच्या हस्ताक्षरातलं कार्ड आणि यूपीआयची नोंद, असं जोडून २८ ला त्याच्या हातात दिलं आणि पोच मागितली. त्याने कागद दोनदा वाचला. मग काउंटरखालून सोनपापडीचा रिकामा डबा काढला. डब्यात एसएसडी होत्या, वीस-पंचवीस तरी, काहींवर पांढऱ्या चिठ्ठ्या. त्यात बोटाने चाळून त्याने आमची डिस्क काढून दिली. बाकीच्या कोणाच्या होत्या, मी सिद्ध करू शकत नाही. पण मला ‘नवी’ म्हणून दिलेली डिस्क कुठून आली असेल, याचं उत्तर मला त्या डब्यात दिसलं.

घरी येऊन डिस्क बसवली. उबुंटू तसंच होतं, प्रोजेक्ट तसेच, डिस्कची तब्येत ९७ टक्के. एफ१२ दाबला, विंडोज निवडलं, उघडलं. मग मुलाने बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होणारा प्रोग्राम भरवशाचा आहे का ते तपासणारी सोय, बंद केलं, उबुंटू उघडलं, मोकयुटिल नावाच्या आज्ञेने ती नकाराची यादी काढून टाकली, उबुंटू अद्ययावत केलं आणि सिक्युअर बूट परत चालू केलं. अर्धा तास लागला.

तुमच्याकडे असं काही झालं तर सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी एक पाहा. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर हा बदल केल्यावर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी कागदावर लिहून ठेवा, मगच पुढे जा. आमच्याकडे बिटलॉकर उबुंटू टाकतानाच बंद केलेलं होतं.

बूट मेन्यूची कळ डेल आणि लेनोवोला सहसा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसला एस्केप. दुकानात जायच्या आधी घरीच दाबून पाहा. पडद्यावर काहीही लिहून येत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, दोन सेकंदांचा मजकूरसुद्धा मग थांबवून वाचता येतो. नुसतं ‘ग्रब रेस्क्यू’ असं दिसत असेल तर बहुतेक वेळा कोणीतरी विंडोजमधून लिनक्सचा भाग पुसलेला असतो, तेव्हाही बूट मेन्यूतून विंडोज उघडतं. यादी न येता थेट विंडोज उघडत असेल तर बहुतेक वेळा नुसता सुरू होण्याचा क्रम बदललेला असतो, बायोसमध्ये उबुंटू परत वर घ्यायचं. यातल्या एकाही दुखण्याला नवी डिस्क लागत नाही. आणि डिस्क बदलावीच लागली तर आधी सिरियल नंबर टिपून ठेवा, समोर उभं राहून बदलून घ्या, आणि जुनी खिशात घालूनच पायरी उतरा. ती मेलेली असली तरी तिच्यातली माहिती तुमची आहे.

दुकानदाराची डिस्क आम्ही त्याला परत केली. त्याने ६,००० रुपये परत केले, बाकीच्या ५,८०० ना नाही म्हणतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. अर्ज माझा लिहून झाला आहे. त्या डब्याचा उल्लेखही त्यात केला आहे.