फोल्डस्कोप : कीटकांच्या पुस्तकाशेजारी ठेवण्याजोगा कागदी सूक्ष्मदर्शक

मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून जे खेळसंच विकले जातात, त्यांतील बहुतेकांचे आयुष्य खोका रिकामा होईपर्यंतच असते. रंगीत द्रावणांच्या पुड्या संपतात, खोट्या ज्वालामुखीतून एकदा फेस उसळतो आणि उरलेले प्लास्टिक माळ्यावर जाते. फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक त्या जातीचा नाही, कारण त्यात संपण्यासारखे काही नाही. मात्र तो एकटाच घरात आणून फारसे काही साधत नाही. त्याच्या शेजारी कीटकांचे एक चांगले पुस्तक हवे आणि त्याहीआधी मुलाने जिवंत कीटक साध्या डोळ्यांनी निवांत पाहिलेला हवा, असे माझे मत वापराअंती बनले आहे.

आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले मनु प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हा सूक्ष्मदर्शक घडवला आणि त्यावरील शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. जाड, पाण्याने न भिजणाऱ्या कागदाच्या तावातून सुटे भाग अलगद काढायचे, रेषांवर घड्या घालायच्या, ते एकमेकांत सरकवायचे आणि मध्ये इवलेसे गोल भिंग बसवायचे, एवढीच त्याची रचना आहे. एकच भिंग वापरून सूक्ष्म जग पाहण्याची ही पद्धत सतराव्या शतकातील डच संशोधक लेव्हेनहूकच्या काळापासूनची आहे. नवे आहे ते कागदाच्या घड्यांनी नमुना आणि भिंग यांतील अंतर नेमके सांभाळणे. वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते आणि दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, तपशील वेगळा ओळखता येतो. घरगुती उपयोगाला हे पुरून उरते.

जोडणीचे काम मुलांनाच करू द्यावे. मोठ्यांनी फक्त शेजारी बसावे आणि घडी चुकली तरी हात पुढे करू नये. स्वतः घडवलेल्या वस्तूतून पाहताना मूल अधिक धीर धरते, आणि या यंत्राला धीर लागतोच. ते डोळ्याच्या अगदी जवळ, भुवईला टेकेल इतके, धरावे लागते आणि दोन्ही अंगठ्यांनी कागद किंचित सरकवत स्पष्ट चित्र शोधावे लागते. उजेड नमुन्याच्या मागून यावा लागतो, त्यासाठी खिडकीतले आकाश किंवा खोलीतला दिवा पुरतो. यातून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी खडसावून सांगावा.

कीटकांच्या बाबतीत हे यंत्र खरी करामत दाखवते ती सुट्या अवयवांवर. खिडकीच्या खाचेत किंवा दिव्याच्या झाकणात आपोआप मेलेले कीटक सापडतात, त्यामुळे कोणालाही मारण्याची गरज पडत नाही. फुलपाखराच्या गळालेल्या पंखाला पारदर्शक चिकटपट्टी हलकेच लावून उचलली की बोटांना लागते ती ‘पावडर’ तिच्यावर उतरते. सूक्ष्मदर्शकाखाली ती पावडर राहत नाही. कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले, दांडी असलेले सुटे सुटे खवले दिसतात आणि प्रत्येक खवल्यावर उभ्या बारीक रेघा असतात. काही निळ्या पंखांचे खवले मागून उजेड दिल्यावर निळे दिसतच नाहीत, मळकट तपकिरी दिसतात, कारण तो निळा रंग रंगद्रव्याचा नसून पृष्ठभागाच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. शाळकरी मुलाला हे एका वाक्यात पटत नाही. तो तोच पंख उजेडात उलटसुलट धरून पाहतो, आणि तेच व्हायला हवे असते.

डासाचीही अशीच गंमत आहे. पंखाच्या शिरांवर ओळीने चिकटलेले खवले पाहून तर मोठी माणसेही थबकतात. नराच्या स्पृशा, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पिसाऱ्यासारख्या दाट केसाळ असतात, मादीच्या तुरळक केसांच्या असतात, आणि चावते ती मादी. एवढे कळल्यावर आमच्याकडे चापटीखाली सापडलेल्या प्रत्येक डासाची चौकशी होऊ लागली. मधमाशीच्या मागच्या पंखाच्या पुढील काठावर बारीक आकड्यांची रांग असते. उडताना ते आकडे पुढच्या पंखात अडकतात आणि दोन्ही पंख एक होऊन हलतात. पुस्तकात ही ओळ मी वाचून दाखवली होती, पण ती लक्षात राहिली ती आकडे दिसल्यावर.

याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. नमुना पातळ आणि उजेड आरपार जाऊ देणारा असावा लागतो, त्यामुळे अख्खा भुंगेरा किंवा नाकतोडा यात बसत नाही आणि मुंगळ्याचे डोके नुसता काळा डाग दिसते. एका वेळी दिसणारा भाग फार लहान असल्याने आपण कीटकाच्या कोणत्या भागावर आहोत, हेही मुलाला उमगत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मी आधी साधे हातातले भिंगच सुचवीन आणि फोल्डस्कोप साधारण आठव्या-नवव्या वर्षानंतर द्यावा असे म्हणेन. मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो चुंबकाने जोडता येतो आणि घरातल्या सर्वांना चित्र एकदम पाहता येते. आजी-आजोबांसाठी ही सोय उत्तम आहे, पण मुलांना ती उशिराच दाखवावी. फोन हाती आला की पाहणे संपते आणि नुसते फोटो काढणे सुरू होते.

आता पुस्तकाकडे वळतो. दुकानांत सहज मिळणारी देखणी, जाड पानांची कीटकपुस्तके बहुधा परदेशी असतात, आणि त्यांतील मोनार्क फुलपाखरू किंवा गुबगुबीत बंबलबी आपल्या सोसायटीच्या आवारात शोधून सापडत नाही. मूल दोन दिवस शोधते आणि पुस्तक मिटते. विकत घेताना मी एक सोपी कसोटी लावतो: २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉन त्या पुस्तकात आहे का? कढीपत्त्यावर आणि लिंबावर दिसणारी, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि मोठेपणी हिरवीगार होणारी अळी आहे का? झाडांवरील मावा या किडीवर ताव मारणारा ढालकिडा (लेडीबर्ड) त्याच्या अळीसह दाखवला आहे का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर चित्रे थोडी फिकी असली तरी ते पुस्तक घ्यावे. कोळ्याला कीटकांत बसवणारे पुस्तक मात्र परत ठेवावे. सहा पाय आणि डोके, छाती, पोट असे तीन भाग, ही पहिली ओळखच जिथे बिघडते तिथे पुढच्या पानांवर विश्वास कसा ठेवायचा? पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा मखमली लाल मृगाचा किडा भिंगाखाली धरून पाय मोजायला सांगितले की आठ भरतात, आणि ज्याला सगळे किडा म्हणतात तो कोळ्यांच्या गणगोतातला निघतो. मुले मग इतर प्राण्यांचे पायही तपासू लागतात.

पुस्तक आणि सूक्ष्मदर्शक यांना जोडणारा खेळ विकत आणावा लागत नाही. एकाने गुपचूप नमुना लावायचा आणि दुसऱ्याने तो कोणाचा कोणता अवयव आहे हे पुस्तकातून शोधून सांगायचे, एवढाच नियम पुरतो. उत्तर सांगण्याआधी दिसले ते वहीत काढायचे, अशी अट घातली तर अंदाजपंचे उत्तरे बंद होतात. घराबाहेर पडल्यावर ‘सीक’ नावाचे मोफत अ‍ॅप उपयोगी पडते. त्याला खाते उघडावे लागत नाही आणि कॅमेरा समोर धरला की ते कीटकाचे नाव सुचवते. पण लहान कीटकांच्या बाबतीत ते अनेकदा कुळापाशीच थांबते, तेव्हा पुन्हा पुस्तकच उघडावे लागते.

दोन भावंडे असतील तर दोन फोल्डस्कोप घ्यावेत, कारण एका वेळी एकच डोळा लावता येतो आणि भांडण अटळ असते. संचाबरोबर मिळणाऱ्या स्लाइड कमी पडल्या तर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली तरी काम भागते. पावसाळ्यात कीटकांच्या स्लाइडवर बुरशी धरते, म्हणून त्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात आणि डबीवर नाव व तारीख घालावी.